सिस्टरचं मत कुठे नोंदवायचं?

परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होईपर्यंत केईएमच्या सिस्टरांनीच त्यांना सांभाळलं. अन्न मऊ करून भरवलं, कूस बदलली, अंग पुसलं. अरुणाला कामावर कधी पाहिलंही नव्हतं अशा मुली पुढे ड्युटीवर आल्या, त्यांनीही हेच केलं. २०११ मध्ये, ३७ वर्षांनंतरही, त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हता. घरी आजारी माणसाचं केलेल्यांना याची किंमत कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीन डॉक्टरांनी तपासून अहवाल दिला. पण ७ मार्च २०११ च्या निकालात अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणा जगायला हवी होती. रोज हात लावणाऱ्यांचं मत इतक्या वजनाने क्वचितच ऐकलं गेलं असेल.

त्याच निकालाने पुढच्या प्रकरणांसाठी मात्र न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची समिती सांगितली. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८ च्या निकालाने आणि त्यातल्या २०२३ च्या सुधारणेने वाट सोपी झाली. उपचार थांबवण्याबाबत आता रुग्णालयातलं प्राथमिक आणि त्यावरचं दुय्यम मंडळ मत देतं, शक्यतो ४८ तासांत. नातेवाइकांची संमती लागते. दोन्ही मंडळांवर सगळे डॉक्टरच. याउलट, औषधाच्या चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीवर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञासारखी दुसऱ्या क्षेत्रातली व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही लागतो. व्हेंटिलेटर काढायचा की नाही, हे ठरवताना सिस्टरची खुर्चीसुद्धा नाही!

सिस्टर नेहमी बरोबर असतात, असं मी म्हणत नाही. मायेपोटी त्या रुग्णाला धरून ठेवू शकतात. आयसीयूत अनेकदा उलटंही घडतं: राउंडला आलेले डॉक्टर ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणतात, आणि सक्शन करताना तळमळणारा जीव पाहते ती सिस्टर. मुलगा होकार देतो तो समजून की बिलाच्या धास्तीने, हे वैद्यकीय समाजसेविकेला ठाऊक असतं. घास गिळता येतो का, हे स्पीच थेरपिस्ट सांगतात. हे सारं वेगवेगळ्या कागदांवर राहतं आणि एका टेबलाशी येत नाही. निर्णय अमलात आणणारे हात मात्र सिस्टरचेच. न विचारता लादलेला निर्णय त्या वर्षानुवर्षं मनात वागवतात.

मंडळाने त्यांचं म्हणणं ऐकून लेखी नोंदवण्याला निकालांत कुठेही मनाई नाही. रुग्णालयांनी ते आजपासून करावं. आणि तुमच्या माणसाबद्दल अशी बैठक होईल, तेव्हा ‘सिस्टरलाही बोलवा’ असं तुम्ही ठामपणे सांगा.