देवधर मास्तरांकडची अकरा वर्षं

कुमार गंधर्वांचं आयुष्य सांगताना दोन गोष्टी हटकून पुढे येतात. एक बालवयातली त्यांची अचाट करामत आणि दुसरी, क्षयाशी झुंजल्यानंतर देवासला झालेला गाण्याचा पुनर्जन्म. या दोहोंच्या मधली मुंबईतली अकरा वर्षं मात्र एखाद्या वाक्यात उरकली जातात. तरुण गायक घडला तो याच वर्षांत.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. वडील स्वतः गाणारे. ग्रामोफोनवर ऐकलेलं नामवंत गवयांचं गाणं हा मुलगा हरकती-मुरक्यांसकट हुबेहूब गळ्यातून काढी. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचं नाव झालं. गावोगावी जलसे सुरू झाले. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा वय होतं अकरा. समोरचे जाणकारही थक्क झाले.

आता त्या करामतीचं मोजमाप करू. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या वेळात गवई मुखडा मांडायचा, दोन-चार आलाप घ्यायचा, तानांची बरसात करून गाणं आटोपायचा. कुशाग्र कानाच्या मुलाला हे सगळं पाठ होऊ शकतं. मैफलीतला बडा ख्याल मात्र अर्धा-पाऊण तास चालतो आणि त्यातलं फारच थोडं आधी ठरलेलं असतं. कोणत्या स्वरावर किती थांबायचं, तार षड्ज किती वेळ राखून ठेवायचा, समेवर कोणत्या वाटेने यायचं, हे गाता गाताच ठरवावं लागतं. चौथ्या मिनिटाला नक्कल संपते. तिथून पुढे रागाची समज लागते.

ती समज त्याला प्रा. बी. आर. देवधरांकडे मिळाली. मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ग्वाल्हेरची तालीम घेतलेले, पण एका घराण्याच्या कुंपणात न अडकलेले. ठिकठिकाणच्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी गोळा केल्या होत्या. पाश्चात्त्य संगीत आणि आवाजाची जोपासना यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. त्यांच्या मुंबईतल्या संगीतशाळेत मोठमोठ्या कलावंतांचा राबता असे. एकच राग वेगवेगळे गवई कसा वेगळा मांडतात, हे कुमारला तिथे समोर बसून ऐकता आलं. गोव्याच्या मातीतल्या, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम त्याला मिळाली. मुलाचा आवाज फुटण्याचं, म्हणजे बालगायकाची पुंजी एकाएकी बुडण्याचं नाजूक वयही याच काळात आलं. त्या वयात त्याच्याजवळ गळ्याखेरीज विद्याही जमा होत होती.

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. हवापालटासाठी १९४८ मध्ये दोघे माळव्यातल्या देवासला गेले. गाण्याला सक्त मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं आणि जीव वाचला. अंथरुणावरच्या त्या वर्षांत कानावर पडणाऱ्या माळवी लोकधुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसली. त्यांतून लगनगंधार, मालवतीसारखे धुनउगम राग जन्मले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा बंदिशींचा संग्रह आला. हा सगळा देवासच्या एकांताचा चमत्कार मानला जातो. पण धून हजारो लोक ऐकत होते. तिच्यातला राग ओळखायला रागाचं व्याकरण अंगी मुरलेलं असावं लागतं, आणि ते मुरलं होतं मुंबईत.

आज टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये दहा-बारा वर्षांची मुलं थक्क करणारं गातात. त्यांनाही जेमतेम तबकडीइतकीच मिनिटं मिळतात. टाळ्या खऱ्या असतात, गुणही खरा असतो. प्रश्न असतो तो त्यानंतरच्या वर्षांचा. अशा मुलांच्या आईवडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं: पुढचा कार्यक्रम ठरवण्याआधी चांगला गुरू शोधा आणि निदान दहा वर्षं मुलाला निवांत शिकू द्या. कुमार गंधर्वांसारख्या असामान्य मुलालाही ती लागली होती.