अंकीय प्रतिमा-संपादनातील स्तर व परिणाम : प्रयोग आणि प्रामाण्य

प्रस्तावना :
इतिहास, पुरातत्त्व, जीवशास्त्र अशा अनेक विद्याशाखांमध्ये आज मूळ वस्तूऐवजी तिची अंकीय प्रतिमा अभ्यासली जाते. ती सुवाच्य करताना पुराव्यातच बदल होण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात लेअर, म्हणजे स्तर, या सुविधेचे कार्य व संशोधनातील तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

संकल्पना :
एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांप्रमाणे स्तरांची रचना असते. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये ही सुविधा १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. जिम्प या मुक्त प्रणालीतही ती विनामूल्य मिळते. प्रत्येक स्तराची अपारदर्शकता व मिश्रणपद्धती स्वतंत्रपणे ठरविता येते. मास्कच्या साहाय्याने स्तराचा हवा तेवढाच भाग दृश्य ठेवता येतो. उरलेला भाग पुसला न जाता केवळ झाकला जातो.

एक प्रयोग :
पुसट झालेल्या मोडी कागदाचे करड्या छटांतील स्कॅन घेतले, असे समजू. त्यात ० म्हणजे काळा व २५५ म्हणजे पांढरा. कागदाचे मूल्य २३० आणि शाईचे १२० आहे. मूळ स्तराची प्रत करून तिला 'मल्टिप्लाय' ही मिश्रणपद्धती दिल्यास वरील व खालील मूल्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागले जाते. त्यामुळे कागद सुमारे २०७ व शाई सुमारे ५६ होते. दोहोंतील अंतर ११० वरून १५१ पर्यंत वाढून अक्षरे ठळक होतात. परिणाम तीव्र वाटल्यास वरील स्तराची अपारदर्शकता ४० टक्के करावी. शाईचे मूल्य सुमारे ९४ वर येते. 'स्क्रीन' ही पद्धती याउलट प्रतिमा उजळ करते.

मर्यादा :
याच कागदावर १५० मूल्याचा डाग असल्यास तो सुमारे ८८ होतो. कागद व डाग यांतील अंतर ८० वरून ११९ वर जाते. म्हणजेच अक्षराबरोबर डागही ठळक होतो आणि एखादा ठिपका अनुस्वार भासू शकतो. परिणाम नवी माहिती निर्माण करीत नाही. असलेल्या माहितीतील भेद तो केवळ वाढवितो, हे अभ्यासकाने विसरू नये. स्तर तात्पुरता अदृश्य करून मूळ प्रतिमेशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संशोधन-नीती :
'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत लेखांतील प्रतिमांची तपासणी सुरू केली. संपूर्ण प्रतिमेवर समान रीतीने केलेला बदल सामान्यतः ग्राह्य मानला जातो. विशिष्ट भाग उठावदार करणे, लपविणे वा काढून टाकणे ग्राह्य नसते. हाच निकष ऐतिहासिक कागदपत्रांनाही लावणे उचित होय.

निष्कर्ष :
मूळ स्कॅन सर्वांत खालच्या स्तरावर कुलूपबंद ठेवावे, प्रत्येक बदल स्वतंत्र स्तरावर करून त्यास अर्थपूर्ण नाव द्यावे आणि स्तरांसह फाइल पीएसडी किंवा एक्ससीएफ स्वरूपात जतन करावी. जेपीईजी स्वरूपात स्तर टिकत नाहीत. म्हणून ते केवळ वितरणासाठी वापरावे. असे केल्यास संपादनाचा प्रत्येक टप्पा इतरांना पडताळता येतो, आणि पडताळणीची ही शक्यता हाच संशोधनाचा पाया आहे.