सुप्त प्रतिमा : छायाचित्रणाची फिल्म आणि कलावंताची दृष्टी

छायाचित्रण ही यंत्राची कला आहे, म्हणून तीत कलावंताच्या मनाला फारसा वाव नाही, असा आक्षेप या कलेच्या जन्मापासून घेतला जात आला आहे. या आक्षेपाचे निराकरण सौंदर्यशास्त्राच्या अंगाने पुष्कळांनी केले आहे. परंतु फिल्म या द्रव्याच्या स्वभावाकडे पाहिले असता त्याचे उत्तर अधिक सरळपणे मिळते. फिल्मवर घेतलेले चित्र घेतल्याक्षणी कोणालाच दिसत नाही. ते असते, पण सुप्त असते. ही दृष्टिआड अवस्था कलावंताला काय करावयास लावते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणमात्र उघडते तेव्हा ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडतो, त्यात चांदीचे चारदोन अणू मोकळे होऊन एकत्र येतात. हा बदल इतका अल्प असतो की तो सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाही. पुढे विकासक द्रावणात फिल्म बुडविली म्हणजे ज्या स्फटिकात हे अणू जमले आहेत तो सबंध स्फटिक काळ्या चांदीत रूपांतरित होतो; बाकीचे स्फटिक हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. जेथे प्रकाश अधिक तेथे काळिमा अधिक, म्हणून हे चित्र उलटे, म्हणजे निगेटिव्ह असते. झडप उघडण्याचा क्षण आणि चित्र दिसण्याचा क्षण यांत तासांचे, कधी आठवड्यांचे अंतर पडते. आजच्या अंकीय कॅमेऱ्याने हे अंतर पुसून टाकले. तरीही काही कलावंत आवर्जून फिल्मकडे वळतात, याचे कारण बहुधा याच अंतरात शोधावे लागेल.

या अंतराचा अर्थ एखाद्या विशिष्ट स्थळी उभे राहिल्यावाचून नीट कळत नाही. रायगड जिल्ह्यात नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान निडी हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. आषाढातल्या एखाद्या दुपारी तेथे उतरलेला छायाचित्रकार कल्पावा. पावसाने भरलेली भातखाचरे, मध्येच एखादे कौलारू घर, वर दाट ढग. स्वच्छ उन्हात जितका प्रकाश मिळाला असता त्याचा जेमतेम आठवा हिस्सा त्याच्या वाट्यास येतो. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म असेल तर चित्रे ३६. मोठ्या आकाराची चौरस चित्रे घेणारा कॅमेरा असेल तर अवघी १२. फिल्म कृष्णधवल असल्याने भाताचा हिरवा आणि कौलांचा तांबडा हे डोळ्यांना अगदी भिन्न वाटणारे रंग तिच्यावर जवळजवळ एकाच करड्या छटेचे उमटण्याचा संभव असतो. भिंगापुढे हिरवी काच धरली तर शेत उजळते व कौले गडद होतात. तांबडी धरली तर नेमके उलट घडते. दोन्ही चित्रे खरीच. एकात घर शेताच्या उजेडात बुडते, दुसऱ्यात काळपट शेतातून घर वर येते. यांपैकी कोणते हवे याचा निर्णय त्याला तेथेच, काहीही न पाहता, घ्यावा लागतो. यंत्र येथे मदत करीत नाही. चित्र आधी मनात पुरे व्हावे लागते.

दादासाहेब फाळके यांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. फाळके हे पहिले भारतीय कथाचित्रपटकार म्हणून सर्वांस परिचित आहेत. परंतु ते त्यापूर्वी दीर्घकाळ छायाचित्रकार आणि मुद्रक होते, ही गोष्ट चरित्राच्या ओघात सांगून सोडून दिली जाते. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केले आणि नंतर शिळामुद्रण व ठसे करण्याच्या उद्योगात ते पडले. म्हणजे चलच्चित्राचा कॅमेरा हाती येण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत दिसेनासे चित्र दिसते करण्याची सवय त्यांच्या अंगी सुमारे दोन दशके मुरलेली होती.

१९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणून त्यांनी जो पहिला प्रयोग केला तो या सवयीचाच पुरावा आहे. नाटक नाही, मिरवणूक नाही. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल. ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन त्यांनी महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. त्या काळी सेकंदाला सोळा चित्रे हे सामान्य प्रमाण होते आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळाच चित्रे मावतात. समजा, तासाला एक याप्रमाणे तीस दिवस चित्रे घेतली, तर ती ७२० भरतात. फिल्म लागते ४५ फूट आणि पडद्यावर काळ जातो ४५ सेकंद. महिनाभर हा माणूस जे पाहत होता ते त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतेच! कुंडीत दिसत होते ते हलत नव्हते, आणि हलणारे जे होते ते फिल्मवर सुप्त होते. ही छोटी फिल्म पाहिल्यावर छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल देऊ केले, हे यामुळे अर्थपूर्ण वाटते. त्या मालाची पारख असलेल्या मनुष्याने ती मान्यता दिली होती.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती, म्हणजे सुमारे ५९ हजार स्वतंत्र छायाचित्रे. त्या वेळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. कपाळावरचे कुंकू तिच्यावर काळे उमटे, निळे आकाश पांढरे फटक. स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांचे रंगविलेले ओठही काळेच होत. वेषभूषा व रंगभूषा रंगांत न पाहता छटांत पाहण्याची जी सक्ती निडीच्या आपल्या काल्पनिक छायाचित्रकारावर होती, तीच येथे होती. फरक इतकाच की काच बदलून सुटका करून घेण्याची सोय फाळक्यांना नव्हती. मात्र या उणिवेचा एक लाभही होता. तांबडा दिवा लावून काम करता येई, आणि द्रावणात चित्र हळूहळू उमटताना डोळ्यांनी पाहता येई.

त्या तांबड्या उजेडात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा आहे. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, द्रावणे तयार करणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या व त्यांनी ती केली. छिद्र किंचित सरकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. द्रावण किंचित उष्ण झाले तर चेहऱ्यावरची छटाच जाते. या कामांना ‘मदत’ म्हणण्याचा प्रघात आहे. ते बरोबर नाही. सुप्त प्रतिमा जेथे प्रकट होते तेथे उभा असलेला मनुष्य तिचा अर्धा कर्ता असतो.

द्रावणाच्या उष्णतेचा हा प्रश्न आपल्या हवेत विशेष बिकट. विकासनाचे कोष्टक सामान्यतः २० अंश सेल्सिअस धरून छापलेले असते. कोकणात नळाचे पाणीच वैशाखात त्याहून पुष्कळ उष्ण. २७-२८ अंशांवर विकासनाचा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो आणि मिनिटभराची चूक चित्र बिघडविण्यास पुरते. जुन्या फिल्मचे जिलेटिन तर उष्ण पाण्यात फुगून सुटू लागे. म्हणून बर्फ आणावा लागे. पावसाळ्यात फिल्म वाळत नाही. जिलेटिन हा प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला पदार्थ असल्याने दमट हवेत त्यावर बुरशी चढते, आणि ती बुरशी चित्र धारण करणारा थरच खाते.

फाळक्यांच्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटवर बनविलेली होती. हा पदार्थ स्वतःच प्राणवायू पुरवून जळतो, पाण्याखालीसुद्धा. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत अशा जुन्या चित्रपटांचा मोठा साठा नष्ट झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज केवळ पहिली व चौथी रिळे उपलब्ध आहेत, आणि तीदेखील मूळ चित्रपटाची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पुढची अ‍ॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण उष्ण व दमट जागी तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागते. पेटी उघडताच शिरक्यासारखा वास येतो. आणि सुटलेले आम्ल उरलेल्या फिल्मचा नाश अधिकच त्वरेने घडविते.

पेण-रोहे पट्ट्यातील घरांतून आणि बंद पडलेल्या स्टुडिओंतून लग्नकार्यांची, शाळांच्या वर्गांची, गणेशमूर्तींच्या कारखान्यांची निगेटिव्हे अजूनही पत्र्याच्या डब्यांत पडून असणे अशक्य नाही. कागदी छपाई विटली तरी निगेटिव्हवरून नवी काढता येते, हे ध्यानात न घेता अल्बम जपले जातात आणि डबे टाकून दिले जातात. संशोधकास असा डबा मिळाल्यास प्रथम वास घ्यावा. आंबट वास येणारी निगेटिव्हे इतरांपासून वेगळी करावीत, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून आम्लरहित कागदात एकेक गुंडाळावीत, त्यांच्या प्रती विनाविलंब करून घ्याव्यात, आणि हे सर्व पावसाळा सुरू होण्यापूर्वी उरकावे.