गिरणीच्या फाटकापासून कंपनीच्या संकेतस्थळापर्यंत

सव, महाड, पोलादपूर या आपल्या परिसरातील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस जाऊ लागली, त्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या काळी गिरणीची ओळख होई ती गावच्या माणसाच्या तोंडून. कोणत्या खात्यात जागा आहे, पगार वेळेवर होतो की नाही, जॉबर कसा आहे, हे सारे चाळीतल्या खोलीत कळत असे. भरती जॉबरच्या हाती होती आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यास ओळख लागे.

आपल्या लोकांसाठी हे फाटक अर्धेच उघडे होते. विणाईखात्यात मजुरी अधिक. परंतु तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतले जात नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. जेथे ओळख हेच माहितीचे साधन असते, तेथे ज्यास ओळख नाही त्यास माहितीही मिळत नाही आणि कामही मिळत नाही, हा या इतिहासाचा धडा होय.

आज माहितीचे साधन बदलले आहे. १९९७ मध्ये आपल्या देशात नोकरी डॉट कॉम सुरू झाले आणि २००३ मध्ये अमेरिकेत लिंक्डइन. आता वसतिगृहातून बाहेर पडलेला विद्यार्थी अर्ज करण्यापूर्वी मोबाइलवर कंपनीचे संकेतस्थळ, तिचे लिंक्डइनवरील पान आणि तेथे काम केलेल्यांचे अभिप्राय पाहतो. यासाठी त्यास कोणाच्या चिठ्ठीची गरज उरलेली नाही. हा लाभ लहान नव्हे.

मात्र या पाहण्यातून मत कसे बनते, हे समजून घेतले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, उमेदवाराची खरी कुवत मालकास आधी दिसत नाही. म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणेवरून अंदाज बांधतो. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. उमेदवारास कंपनीचे अंतरंग दिसत नाही, म्हणून तोही खुणा वाचतो. पान अद्ययावत असेल तर कारभार नीट असेल, पात्रता व वेतन स्पष्ट लिहिले असेल तर व्यवहार सरळ असेल, छायाचित्रांत आपल्यासारखी माणसे दिसली तर आपल्यालाही तेथे जागा असेल, असे तो मनोमन ठरवितो. कंपन्यांना हे ठाऊक असते. १९९६ पासून व्यवस्थापनशास्त्रात या प्रतिमेस ‘एम्प्लॉयर ब्रँड’ असे नावही आहे आणि ती घडविण्यासाठी पगारी माणसे नेमली जातात.

यातून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, दिपून जाण्याची. दुसरी, बिचकून मागे फिरण्याची. आणि शिक्षक म्हणून ती आम्हास अधिक बोचते. रसायनशास्त्राचा पदवीधर असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने एका मोठ्या कंपनीकडे अर्जच केला नाही. कारण विचारता तो म्हणाला, “सर, त्यांच्या पानावरचे चेहरे आणि ते इंग्रजी पाहिले. ती जागा आपल्यासाठी नाही.” पुढे तो एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागला.

त्याची भीती निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे धाडले असता, दलित आडनावांच्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण कमी आढळले. तरीही कंपनीने नकार देण्यापूर्वी आपणच आपणास नकार देणे, हा त्यावरील उपाय नव्हे.

इतिहासाच्या वर्गात आम्ही सांगत असतो की, बखर वाचताना ती कोणी आणि कोणासाठी लिहिली हे आधी पाहावे व दुसऱ्या साधनाशी ताडून घ्यावी. कंपनीचे पान ही तिने स्वतःविषयी लिहविलेली बखरच होय. कंपनीची नोंदणी, स्थापनेचे वर्ष आणि पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ती भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे नोंदलेली आहे का, हेही तपासता येते. अभिप्राय वाचताना एकाच्या स्तुतीवर वा रागावर न जाता, अनेकांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट टिपावी. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा कोणीही असो, तेथून परत फिरावे.

शेवटची चौकशी मात्र फाटकापाशीच करावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. हसऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांवरून सुरक्षेची कल्पना येत नाही. तेथे काम करणाऱ्या गाववाल्यास विचारावे: नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची? सुरक्षेची साधने प्रत्यक्ष मिळतात का? आग लागल्यास काय करायचे, याचा सराव होतो का?

आमच्या विद्यार्थ्यांनी पान जरूर पाहावे, ते पारखून घ्यावे आणि पात्रता असेल तेथे निःसंकोच अर्ज करावा. ज्या खात्याचे दार आपल्या आजोबा-पणजोबांना बंद होते, तशा दारापासून आज आपण न ठोठावता परतू नये.