हिमसागरातील दोन सोबती

उत्तर ध्रुवाजवळ जमीन नाही. तेथे समुद्र आहे आणि त्यावर बर्फाचे जाड थर तरंगत असतात. वाऱ्याने व प्रवाहाने हे थर सरकतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यांचे उंच बांध तयार होतात. अशा प्रदेशात हाकेला ओ देणारे कोणी नसते. लागणारी प्रत्येक वस्तू बरोबर न्यावी लागते. नॉर्वे देशातील फ्रिट्यॉफ नान्सेन व याल्मार योहान्सेन यांनी असा प्रवास १८९५ साली केला.

नान्सेनचे 'फ्राम' हे जहाज बर्फात गोठून बर्फाबरोबरच वाहत जावे, म्हणून मुद्दाम बांधलेले होते. ते ध्रुवावरून जाणार नाही असे दिसताच नान्सेनने पायी जाण्याचे ठरविले. योहान्सेन हा उत्तम कसरतपटू. या सफरीत जागा मिळावी म्हणून त्याने जहाजावर कोळसा घालणाऱ्याचे काम पत्करले होते. १४ मार्च १८९५ रोजी हे दोघे निघाले. जहाज पुढे वाहत जाणार होते. त्यामुळे त्याच्याकडे परतणे शक्य नव्हते.

त्यांच्याजवळ तीन घसरगाड्या, २८ कुत्री, दोन हलक्या होड्या आणि स्वतःपुरते सुमारे १०० दिवसांचे अन्न होते. अधिक अन्न घ्यावे तर ओझे वाढे. ओझे वाढले की चाल मंदावे. आणि चाल मंदावली की अन्न पुन्हा अपुरे पडे. म्हणून कुत्र्यांसाठी फक्त ३० दिवसांचेच खाद्य घेतले होते. पुढे दुबळे कुत्रे मारून इतरांना जगवावे, असा कठोर हिशेब त्यांना करावा लागला.

थंडी शून्याखाली ४० अंशांपर्यंत जाई. अंगावरचा घाम कपड्यांतच गोठे व कपडे चिलखतासारखे ताठ होत. बर्फाच्या बांधांवरून गाड्या उचलून न्याव्या लागत. दोघे उत्तरेकडे चालत, तर पायांखालचा बर्फच त्यांना दक्षिणेकडे नेई! ८ एप्रिल रोजी ते सुमारे ८६ अंश १४ कला अक्षांशावर होते. इतक्या उत्तरेस पूर्वी कोणीही पोहोचले नव्हते. ध्रुव आता सुमारे ४०० किलोमीटर दूर होता. परंतु आणखी पुढे गेल्यास परतीपुरते अन्न उरणार नव्हते. नान्सेनने मागे फिरण्याचा निर्णय घेतला.

ऑगस्टमध्ये मोकळे पाणी लागले. आता होड्यांतून जावयाचे होते आणि दोनच कुत्री उरली होती. त्यांना नेणे अशक्य होते. पण स्वतःचे कुत्रे मारण्यास कोणाचाच हात धजेना. तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचे कुत्रे मारले.

लवकरच हिवाळा आला. फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहातील एका बेटावर त्यांनी दगडांची झोपडी रचून वर वॉलरस या सागरी प्राण्याची कातडी घातली. अस्वलाचे मांस खाऊन व चरबीचा दिवा लावून त्यांनी सुमारे नऊ महिने काढले. इतके दिवस एकत्र राहूनही ते एकमेकांस 'अहो' म्हणत. १८९५ सालच्या अखेरच्या रात्री नान्सेननेच सुचविले आणि तेव्हापासून ते 'अरे' म्हणू लागले.

जून १८९६ मध्ये, एकत्र बांधलेल्या त्यांच्या होड्या दोर सुटून वाहत चालल्या. बंदुका व सर्व सामान त्यांतच होते. नान्सेनने गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. योहान्सेनला काठावर येरझारा घालण्यावाचून काहीच करता येईना. हातपाय बधिर होत असताना नान्सेनने कशीबशी होडी गाठली. त्यानंतर काही दिवसांनी, १७ जून रोजी, कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. तेथे तळ देऊन राहिलेला इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन त्यांना भेटला.

ऑगस्ट १८९६ मध्ये दोघे मायदेशी पोहोचले. त्याच महिन्यात 'फ्राम'ही बर्फातून सुटले. ध्रुव गाठता आला नाही. तथापि योग्य वेळी मागे वळल्यामुळे व एकमेकांस सांभाळल्यामुळे ते दोघे वाचले आणि सफरीवर गेलेले तेराही जण सुखरूप घरी परतले.