नांगर अडला, म्हणून माळ उरला

विषुवदिनाच्या पहाटे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, लव्हर्न गावाजवळच्या एका माळावर, सूर्य दगडांच्या एका रांगेच्या थेट टोकाशी उगवतो. १,२५० फूट लांबीची ही पूर्व-पश्चिम रांग कुणी आणि कधी रचली याची कुठेच नोंद नाही. ब्लू माउंड्स स्टेट पार्कवर लिहिताना सगळे या रांगेवर लिहितात, शंभर फुटी कड्यावर लिहितात, बायसनच्या कळपावर लिहितात. गवताच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे, तेव्हा यंदा तरी सुरुवात गवतापासून व्हावी.

मीही गेले होते तो कडा पाहायलाच. पण पश्चिमेकडून चालत निघालं की कडा दिसतच नाही. पायवाट इतकी हळूहळू चढते की चढ पायांना जाणवत नाही. दोन्ही बाजूंना सप्टेंबरातलं बिग ब्लूस्टेम, माझ्या खांद्याला लागणारं. त्याचा एक तुरा मी बोटांत धरून पाहिला. तीन फाटे, पक्ष्याच्या पंजासारखे पसरलेले. तिथले लोक त्याला ‘टर्कीचा पंजा’ म्हणतात. जमिनीवर सहा-सात फूट वाढणाऱ्या या गवताची मुळं खोल माती मिळाली तर दहा फुटांपर्यंत उतरतात. वणवा येवो, गोठवणारा हिवाळा येवो, पुन्हा फुटण्याचं बळ मातीखाली शाबूत असतं. म्हणूनच उद्यानातले कर्मचारी आळीपाळीने एकेक पट्टा मुद्दाम जाळतात. झुडपं मागे हटतात आणि गवत नव्याने उठतं.

मग अचानक पायाखालची जमीन संपते. खाली झाडांचे शेंडे आणि क्षितिजापर्यंत मका-सोयाबीनची शेतं. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा हा कडा सू क्वार्टझाइटचा आहे. दीडशे कोटी वर्षांहून आधी साचलेली वाळू सिलिकाने सांधली गेली आणि लोहाच्या अंशाने गुलाबी झाली. पोलादी चाकूनेही यावर ओरखडा उठत नाही. वर राखाडी, हिरव्या, शेंदरी दगडफुलांचे थर. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांना हाच गुलाबी दगड दुरून निळसर दिसला आणि नाव पडलं ब्लू माउंड्स. मूळ रहिवासी बायसनना या कड्यावरून खाली लोटत, अशी कथा तिथे हमखास ऐकू येते. पण तसा पुरावा इथे सापडलेला नाही. कड्याचं खरं मोल त्या कथेत नाही, ते त्याच्या पाठीवरच्या मातीत आहे.

ती माती पातळ आहे. जॉन डिअरने १८३७ मध्ये पोलादी फाळाचा नांगर घडवला आणि प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ माळांची, चिवट, चिकट जमीन उलथणं सोपं झालं. मिनेसोटात एकेकाळी सुमारे १ कोटी ८० लाख एकर प्रेअरी होती. आज दोन टक्केही उरलेली नाही. इथे मात्र फाळ वीतभर जायच्या आत खडकावर आदळायचा. पेरता येईना म्हणून लोकांनी इथे गुरं चारली आणि त्यामुळे गवत वाचलं. दीडेक हजार एकरांचा हा माळ कुणाच्या दूरदृष्टीने उरलेला नाही. आधी खडकाने राखला, माणसाची राखण नंतर आली.

गवत राहिलं, म्हणून बायसन परतू शकले. अमेरिकेत कोट्यवधींनी फिरणारा हा प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्याही खाली आला होता. १९६१ मध्ये नेब्रास्काच्या फोर्ट नायोब्रारा अभयारण्यातून इथे तीन बायसन आणले; आज कळप शंभरापुढे आहे. अमेरिकेतल्या बहुतेक कळपांत पाळीव गुरांचा संकर मिसळला आहे. जनुकीय चाचण्यांत हा कळप त्यापासून जवळजवळ मुक्त निघाला, म्हणून २०१२ पासून राज्य सरकार आणि मिनेसोटा प्राणिसंग्रहालय तो मिळून सांभाळतात. मी कुंपणाबाहेरून पाहत होते. एक नर गुडघे टेकून आडवा झाला, चारी पाय वर करून लोळला आणि धुळीत दिसेनासा झाला. तो उठला तेव्हा जमिनीत परातीएवढा खळगा उरला होता. असे खळगे वर्षानुवर्षं लोळून रुंद होतात, त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि आजूबाजूला नसलेली रोपं तिथे उगवतात. बायसन मुख्यतः गवतच खातो आणि रानफुलांना मोकळी जागा सोडतो. माळ बायसनला पोसतो, तसाच बायसनही माळ घडवतो.

परतताना खडकाच्या भेगेत घोट्याएवढा फड्या निवडुंग दिसला. आपल्याकडे बांधाबांधावर दिसणारा फड्या मुळात अमेरिका खंडातलाच. त्याला पाहून मला आपला माळ आठवला. इंदापूरजवळच्या कडबनवाडीचा, चिंकारा आणि लांडग्यांचा माळ. सोलापूरजवळचं नान्नज, जिथे माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. मुरूम वर आला म्हणून नांगर वळला आणि गवत टिकलं, ही कथा आपल्याही माळांची आहे. पण सरकारी नकाशांत असली कितीतरी जमीन ‘पडीक’ म्हणून रंगवलेली असते आणि तिच्यावर दरवर्षी खड्डे खणून झाडं लावली जातात. झाडं हवीत, पण गवताच्या छातीवर नकोत. सावली पडली की माळावरचं गवत मरतं, मग चिंकारा जातो आणि धनगराच्या मेंढरांची चराईही जाते.

लागवडीला नालायक जमिनीला आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणतात. त्या हिशेबाने ब्लू माउंड्सचा अख्खा माळ पोटखराबाच ठरेल. तिथे तो जपला जातो आणि मुलांना बोटाला धरून दाखवला जातो. आपल्या माळाला एवढा मान द्यायला त्याच्याकडे शंभर फुटी कडा असायलाच हवा असं नाही. सातबाऱ्यावरचा तो शब्द वाचताना, त्या जमिनीवर काय उगवतं, हे एकदा जाऊन पाहिलं पाहिजे.