जमिनीच्या पोटातली फुलबाग

अमेरिकेच्या युटा राज्यात, अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, मोहावी वाळवंटाच्या कडेला सेंट जॉर्ज हे झपाट्याने वाढणारे शहर आहे. त्याच्या आसपासच्या मोजक्या टेकड्या सोडल्या, तर ‘ड्वॉर्फ बेअर पॉपी’ ही वनस्पती जगात कुठेही रानात उगवत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पॅरी यांनी १८७४ मध्ये तिचे नमुने गोळा केले. पुढे फ्रेडरिक कोव्हिल यांनी तिला ‘आर्क्टोमेकॉन ह्युमिलिस’ हे शास्त्रीय नाव दिले.

आपल्या पिवळ्या धोत्र्याच्याच कुळातली ही वनस्पती. रोप जेमतेम वीतभर. पानांची टोके दातेरी, त्यांवर लांब लव. कळी मान खाली घालून वाढते आणि उमलायच्या वेळी वर वळते. मग चार शुभ्र पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका दिसतो. हा बहर एप्रिल-मे महिन्यांतला.

या टेकड्या मोएनकोपी नावाच्या खडकाच्या थरातल्या, जिप्समने भरलेल्या आहेत. भुईमुगाला आपले शेतकरी जिप्सम बेताने घालतात. इथे मातीच त्याची आहे. अशा जमिनीत फार थोड्या वनस्पती तग धरतात, म्हणून या पॉपीला जागेसाठी झगडावे लागत नाही. मातीवर शैवाक आणि सायनोबॅक्टेरिया यांची जिवंत खपली असते. तीच माती धरून ठेवते. मोटारसायकलच्या एका फेरीत ती फुटते आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात.

रोपाचे आयुष्य काही वर्षांचेच असते; खरा साठा बियांचा. कोरडवाहू शेतकरी जसा सगळे बियाणे एकाच पावसावर टाकत नाही, तशा या बिया एकदम रुजत नाहीत. दरवर्षी त्यांतल्या थोड्याच जाग्या होतात, बाकीच्या मातीत वाट पाहतात. हिवाळ्यात आणि वसंतात चांगला पाऊस झाला, की एकाएकी रोपांची दाटी होते. अवर्षणात मात्र तीच टेकडी उजाड भासते.

परागीभवनाची गोष्ट अधिक चिंतेची आहे. ‘पर्डिटा मेकोनिस’ ही चिमुकली एकांडी मधमाशी पॉपीच्या कुळातल्या फुलांवर जगते. शास्त्रात तिची नोंद १९९३ मध्ये झाली. एकेकाळी या फुलावर ती विपुल होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दक्षिण युटातून ती नाहीशी झाली आहे. त्याच काळात तिथे आफ्रिकी वंशाच्या संकरित मधमाश्या पसरल्या, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. या फुलाला बी धरण्यासाठी दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. त्यामुळे रस्त्यांनी आणि वसाहतींनी एकमेकींपासून तुटलेल्या टेकड्यांवर धोका वाढतो.

१९७९ मध्ये या वनस्पतीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. रेड ब्लफच्या टेकड्यांना कुंपण पडले, व्हाइट डोमचा परिसर राखीव झाला. हे मोलाचे आहेच. रोपे उचलून दुसरीकडे लावण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. लागवडीत ही वनस्पती टिकवणे फार अवघड आहे. म्हणून प्रश्न शेवटी जमिनीवरच येतो. बिया जमिनीत, खपली जमिनीवर आणि एकांड्या मधमाश्यांची घरटीही जमिनीतच. दुष्काळी वर्षी पाहणी करून, एकही रोप दिसले नाही म्हणून टेकडी ‘रिकामी’ ठरवणे म्हणजे तिथला जिवंत साठा बुलडोझरखाली घालणे होय. संरक्षणाचे यश फुलांच्या गणतीवर नव्हे, न मोडलेल्या जमिनीवर मोजायला हवे.